नाग नदीच्या खालच्या अंगाला

नागपूरकर नाग नदी पाहायला जात नाहीत, ओलांडतात. गाडीची काच वर करून. लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीत साठणारं हे पाणी पुढे सतराएक किलोमीटर शहरातून वाहतं, आणि पारडीच्या पलीकडे गेलं की शहराचा त्याच्याशी संबंध संपतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नदी लोकांच्या घरात शिरली, तेव्हा काही दिवस तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मग गाळ काढला, सोफे वाळवले, संपलं. मला हे पाणी पुढे कुठं जातं ते पाहायचं होतं. कारण साधं आहे. ते ज्या नद्यांना मिळतं त्याच नद्या-तलावांतले मासे आमच्या बाजारात येतात, आणि ते घेऊन बसलेल्या बायकांशी आमचा संबंध भाव पाडण्यापुरताच असतो.

म्हणून आधी बाजारच गाठला. सदरचा मंगळवारी बाजार, सकाळची वेळ. नागपुरात मासळीचा मोठा माल येतो तो आंध्रातून, बर्फात दडपलेल्या पेट्या भरून. रोहू, कतला, एका मापाचे, एका रंगाचे. भोईपुऱ्यात काय, इथं काय, ओट्यांवर तोच. पण कडेला, ओट्याच्या खाली, जमिनीवर बोंदऱ्या टाकून बसलेल्या बायांकडे वेगळं काही असतं. घमेल्यात थोडं पाणी, त्यात वळवळणारी शिंगूर, एखादी मरळ, आणि बाजूला झिंग्यांचे वाटे. शहरात गावच्या तलावाच्या मासोळीला अजून मान आहे. गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं, पण आधी दहा वेळा विचारतं, गावचीच ना?

एक मावशी त्यावर बोलत नसे. अंगठ्यानं कल्ला उचलून दाखवायची.

"पाह्य बाई, लाल हाये का नाई? आंध्राचा माल असता तं असा दिसला असता का?"

मी शिंगूर साफ करून मागितली. शिंगुराच्या गालफडाशी दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. बोटात गेला तर हात दिवसभर ठणकतो, ताप येतो. मावशीनं राखेची मूठ घमेल्यात सोडली. बुळबुळीत मासा राखेत लोळला की हाताला धरता येतो. डाव्या हाताची दोन बोटं त्या काट्यांच्या बरोबर मागे गेली, मासा जागीच थांबला, आणि उजव्या हातानं तिनं दोन्ही काटे मुळातून कट्‌कन मोडले. मग पायाखालची पावशी, पोटाला एक चीर, पाण्यात दोन हिसके. माझं पैसे काढणं व्हायच्या आत पिशवी पुढे आली. तिच्या तर्जनीवर जुने पांढरे वण होते. हे शिकताना किती ताप आले असतील ते तिला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "माह्या मायनं शिकवलं, मंग कायचा ताप?"

ती पहाटे चारला उठून कुही तालुक्यातून आली होती. पूर्वी नागपूर-नागभीड छोटी लाईन होती. इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत जाणारी ती गाडी 2019 च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्या गाडीच्या डब्यात टोपली पायाशी घेऊन बसता येत असे, वासावरून कोणी उठवत नसे, कारण अर्धा डबा तोच असे. आता काळी-पिवळी किंवा मालाचा टेम्पो. बसमध्ये टोपली चढवताना काय ऐकून घ्यावं लागतं ते तिनं सांगितलं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

हे ऐकताना मला केरळ आठवलं. तिथल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मासे विकणाऱ्या बायांनी 1980 च्या आसपास नेमका हाच प्रश्न धसाला लावला होता. आम्हाला बसमध्ये घेत नाही, तर आमच्यासाठी बस द्या, म्हणून त्या रस्त्यावर आल्या आणि सरकारला खास बस सोडावी लागली. केरळच्या किनाऱ्यावर बाया शेकड्यांनी एकत्र होत्या. कुहीहून येणारी मावशी एकटी होती. तलाव विखुरलेले, गावं विखुरलेली, प्रत्येक गावात मासेमार ढिवरांची दहा-पंधरा घरं. भांडायला माणसं लागतात, आणि ती एका जागी लागतात.

पारडी सोडून मी पूर्वेला निघाले. नाग आणि पिवळी नदी एकत्र होतात, मग कन्हानला मिळतात, आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत उतरते. अंभोरा नागपूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. इथं पाच नद्यांचा संगम सांगतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे, आणि विवेकसिंधूकार मुकुंदराजांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे. अलीकडे इथं केबलवर तोललेला मोठा पूल झाला, वर काचेची गॅलरी. नागपूरची तरुण मंडळी रविवारी तिथं फोटो काढायला येतात. त्यांना दोष नाही. दृश्य खरंच भव्य आहे. पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं.

पण हे पाणी नदीचं नाही, धरणाचं आहे. खाली गोसेखुर्दला वैनगंगा अडवली आहे आणि तिचा फुगवटा इथवर येतो. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी पायाभरणी केली, तेव्हा खर्चाचा अंदाज होता 372 कोटी. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. हे आकडे विदर्भात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, म्हणून त्यांवर थांबत नाही. कडेला उतरून पाहिलं तर काठाशी जलकुंभीचा हिरवा गालिचा, आणि तिच्या खाली पाण्याला एक जड, गोडसर वास. शहरातून निघालेलं पाणी मला इथं भेटलं.

काठावर एक डोंगा ओढून ठेवलेला. नवरा जाळं झटकत होता, बायको त्यातली मासोळी निवडत होती. मोठी एका टोपलीत, बारीक दुसरीत, मेलेली वेगळी. जाळ्याचे डोळे कुठं तुटले तेही तिचीच बोटं हेरत होती, कारण रात्री ते शिवायचं काम तिचं. मी नवऱ्याला विचारलं, किती मिळाली? त्यानं बायकोकडे पाहिलं. भाव काय येईल? पुन्हा बायकोकडे. पाण्यातलं त्याला ठाऊक, पाण्याबाहेरचं तिला.

"पयले हातभर झिंगे येत इथं," ती म्हणाली. "आता पोराले दाखवाले बी नाई."

गोड्या पाण्यातल्या या मोठ्या झिंग्यांची गोष्ट फार लांबची आहे. त्यांची पिल्लं वाढतात ती समुद्राजवळच्या मचूळ पाण्यात. मग गोदावरीच्या मुखापासून उलट चढत ती प्राणहितेत, प्राणहितेतून वैनगंगेत येतात. म्हणजे बंगालच्या उपसागरातून भंडाऱ्यापर्यंत, पाण्याच्या विरुद्ध. वाटेत आता धवळेश्वरम, मेडीगड्डा, चिचडोह आणि शेवटी गोसेखुर्द. एकेका भिंतीची उंची मोजणारे खूप आहेत; चार भिंती एकामागोमाग ओलांडायच्या तर झिंग्यानं काय करायचं, हा विचार कोणत्याच आराखड्यात बसला नाही. आणि झिंगे हा बायांचा माल होता. उथळ काठाला, कमरेएवढ्या पाण्यात, छोट्या जाळीनं त्या स्वतः धरत, वाळवत, पावसाळ्यात वांग्यात टाकायला घरोघर विकत. डोंग्यातला पुरुषांचा मासा कमी झाला तेव्हा त्याची बातमी झाली. झिंगे गेले तेव्हा बायांची स्वतःची मिळकत गेली, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरी गेली ती डांगरवाडी. दिवाळीनंतर वैनगंगेचं पाणी उतरलं की वाळू उघडी पडे. ढिवर-भोयांची कुटुंबं तिथं आळी करून डांगर, काकडी, भोपळा लावीत. घागरीनं पाणी, राखण, तोडणी, सगळं बायांकडे; होळीपासून पुढे त्यांच्या हातात रोख पैसा खेळे. फुगवट्यानं वाळू बुडाली. भरपाईच्या वेळी शेत ज्याचं त्याला पैसे मिळाले. ढिवरांकडे शेत नव्हतं, नदी होती, आणि नदी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. गोसेखुर्दच्या मच्छीमारांनी पुढे जलाशयावर आमचा हक्क आहे, ठेका नको, म्हणून पाण्यात जाळी टाकून आंदोलनं केली. त्यातल्या मागण्या पाहिल्या तर जलाशय, जाळं, डोंगा, बोटुकली हे सगळं आहे. वाळू नाही, झिंगे नाहीत.

पवनीच्या वाटेवर एका सोसायटीच्या सचिवांनी मोठ्या आपुलकीनं चहा पाजला आणि सभासदांची नोंदवही दाखवली. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था म्हणजे इकडे नुसती संस्था नसते. तलावाचा ठेका तिला मिळतो, बीज ती सोडते, विमा तिच्यामार्फत, योजनेचा अर्ज तिच्या शिक्क्यानं. मी पानं उलटत गेले. बायांची नावं अधूनमधून होती. त्यातली बरीच विधवांची, नवऱ्याच्या जागी चढवलेली.

"तसा काही मज्जाव नाही जी," सचिव म्हणाले. "पण जो मासेमारी करते तोच सभासद. कायदाच तसा हाये."

ते खोटं बोलत नव्हते. घोळ मासेमारी कशाला म्हणायचं तिथं आहे. जाळं टाकणं म्हणजे मासेमारी. जाळं शिवणं, मासा निवडणं, काटा मोडणं, वाळवणं, डोक्यावरून नेणं, उधारी सांभाळणं, संध्याकाळी उतरत्या भावात उरलेला माल कुठल्या मोहल्ल्यात खपेल याचा हिशेब ठेवणं, हे सगळं घरकामात जमा. जगभर असंच आहे, अशी समजूत घालून घेता येते. अन्न व कृषी संघटनेच्या 2023 च्या पाहणीत लहान मासेमारीत हात असलेल्या दर दहा माणसांत चार बाया निघाल्या, आणि त्याही मोजायचंच असं ठरवल्यावर. त्याच संघटनेनं 2014 मध्ये लहान मासेमारीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पकडण्यापासून विकण्यापर्यंतचं सगळं काम मासेमारीतच धरलं आहे. भारताचा त्याला पाठिंबा आहे. पवनीच्या वहीपर्यंत ते पोचायचं आहे.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के अनुदान, तर महिलेला 60 टक्के. एप्रिल 2025 मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. पण 60 टक्के कशाचे? तळ्याचे, पिंजऱ्याचे, बर्फपेटी लावलेल्या दुचाकीचे. तळं खणायला जमीन नाही, उरलेले 40 टक्के घालायला पैसा नाही. दुचाकी बाईच्या नावानं येते, चालवतो मुलगा. यात गैर काय, असं वरवर वाटतं. पण वाटेतल्या गावांतून मी तेच ऐकत गेले. गाडी आली की मुलगा थेट काठावरून माल उचलतो, भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या व्यापाऱ्याला देतो, आणि पैसे त्याच्या खिशात राहतात. आईची पायी फेरी बंद. तिचे पाय वाचले, हे खरं. तिच्या लुगड्याच्या गाठीतले पैसेही गेले, हेही खरं. माझ्या मते दुचाकी वाटणाऱ्यांनी या दुसऱ्या गोष्टीचा एकदा तरी हिशेब मांडायला हवा.

पवनीला प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, 1969-70 मध्ये तिथं उत्खनन झालं. मी ते पाहिलं आणि पुढे निघाले. साकोली ओलांडून अर्जुनी मोरगाव.

इथं भूगोल बदलतो. नदी मागे राहते, तलाव सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वभाग मिळून असे सहा हजारांवर तलाव, गोंड राजांच्या काळापासून मुख्यतः कोहळी समाजानं बांधलेले. अरण्यलेखक चितमपल्लींच्या वाचकाला नवेगावबांध ठाऊक असतो, तो त्यातलाच थोरला. मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले, आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. बोलताना मामा तलाव. मामा झाला तरी त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. गाळ साचला, काठांवर बेशरम माजली, आणि मत्स्यविकासाच्या नावाखाली त्याच तीन जातींचं बीज दरवर्षी पडत राहिलं: कतला, रोहू, मृगळ. वजन लवकर येतं, बाजार तयार असतो. त्यात गावठी मासोळी मागे पडली.

अर्जुनी मोरगावला फीड या संस्थेचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. मनीष राजनकर आणि ढिवर समाजातलेच जाणकार पतिराम तुमसरे यांनी तलावातल्या वनस्पती आणि मासे यांचं नातं धरून ते सुरू केलं. शालू कोल्हे यांनी बायांचे गट उभे केले. काम सांगायला सोपं आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे गाद, परसूड, देवधान अशा पाणवनस्पती लावायच्या. मरळ अंडी घालते ती झाडोऱ्याच्या आडोशानं, शिंगूर दडते ती गवतात. आडोसा नसेल तर बीज विकत आणावं लागतं. आडोसा असेल तर तलाव आपलं बीज आपणच काढतो.

हे करायला बाया का? मला वाटलं होतं, बचत गट हाताशी होते म्हणून. तलावाच्या पाळीवर बसलेल्या एका आजीनं वेगळं सांगितलं.

"माणूस डोंग्यात बसून जाते, त्याले वरून पानी दिसते. आमी पायानं चालतो पान्यात. कमळाचा कांदा काढाले, शिंगाडा तोडाले, भाजी खुडाले. पायाले समजते खाली काय हाये."

आणि तिनं पाळीवरून हात करून दाखवलं: त्या कोपऱ्यात देवधान, तिकडे मधोमध कमळ, पलीकडच्या लाल मातीत काही जगत नाही, दोनदा लावून पाहिलं. जाळ्यात झाड अडकतं म्हणून पुरुषांना तलाव जेवढा मोकळा तेवढा बरा. बायांना तो भरलेला हवा. पहिली एक-दोन वर्षं यावरून घरोघरी भांडणं झाली असं ती मजेत सांगत होती. मग मरळ दिसू लागली. मरळीचा भाव कतल्याच्या कितीतरी वर असतो, भांडणं आपोआप थांबली.

शिंगाड्याचं राज्य तर पूर्ण बायांचं. कोजागिरीच्या सुमारास नागपूरच्या चौकाचौकांत उकडलेले काळे शिंगाडे घेऊन बसलेल्या बाया दिसतात ना, त्या बहुतेक ढिवर समाजाच्याच. त्या दिवसांत गिऱ्हाइकाला टोपलीचा वास येत नाही. उपासाला चालतं.

परतताना वाटेत आठवडी बाजार लागला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं एकच गाव नाही. भाजीवाल्यांना शेड, कापडवाल्यांना ताडपत्री, आणि मासोळीवाल्या सगळ्यात शेवटी, नालीच्या काठावर. बाजारवसुलीची चिठ्ठी मात्र सगळ्यांना सारखी. मी डायरी काढलेली पाहून एक ठसठशीत बाई उठली.

"ताई, लिवता येते ना तुमाले? मंग अर्ज लिवा आमचा. ग्रामपंचायतीत द्याचा हाये."

मी पालथ्या टोपलीवर कागद ठेवून लिहायला बसले. महोदय, आम्ही खाली सह्या करणाऱ्या मासे विक्रेत्या महिला. आमच्यासाठी बाजारात पक्का ओटा व शेड बांधून मिळावं.

"वाचा."

मी वाचलं. मागून दोघी-तिघी पुढे सरकल्या होत्या.

"शेड कायले लिवलं?" ती म्हणाली. "शेड लिवलं तं ते म्हनतीन निधी नाई, आन बसतीन दोन साल. नळ लिवा पयले. मासोरी धुवाले पानी पाह्यजे, आमी त्या हापशीवरून आनतो, अर्धा कोस. नळ लिवा आन खाली लिवा का वसुली बंद करू नळ आल्याबिगर."

"असं धमकीचं लिहायचं?"

"धमकी कायची? चिठ्ठीचे पैसे देतो ना आमी. लिवा."

लिहिलं. मग अंगठे आणि सह्या. सह्या निम्म्याहून जास्त होत्या.

"आता त्याची झेराक्स काढा," ती म्हणाली. "एक त्यायच्याकडं, एक आमच्याकडं. मांगच्या खेपेले हरवला म्हनत होते."